बाबागाडीतला कॉम्प्युटर

नवव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये शिरल्या त्या थेट बाबागाडीवरच वाकल्या. "झोपलंय वाटतं बाळ?" म्हणत त्यांनी पांघरूण सारलं आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. आत माझा कॉम्प्युटर होता. पट्ट्याने बांधलेला, खाली उशी. हारिम माझ्या छातीशी झोळीत होती.

"अगं बाई! पोर अंगावर आणि डबा गाडीत?"

"ह्यांचा आहे, काकू. दुरुस्तीला नेतेय."

खोटं इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. ग्यूजिनला, माझ्या नवऱ्याला, त्या डब्याचं बटण कुठे आहे तेही धड ठाऊक नाही.

डबा माझा आहे. हारिम दुपारी झोपली की आम्ही चौघी मैत्रिणी आपापल्या घरून एक खेळ खेळतो. ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं काम माझं; मागच्या तिघी माझ्या भरवशावर. आमच्या इमारतीत, दवाखान्यात, सासरी, सगळीकडे मी 'हारिमची आई'. तिथे मात्र बोराम. पण खेळाची नवी आवृत्ती आली आणि माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डाने मान टाकली. पंखा घरघरायचा, पडदा काळा. मग टोळीची म्होरकी ग्युरी म्हणाली, "बोरामताई, शनिवारपर्यंत नाही जमलं तर तुझ्या जागी दुसरी कुणी घ्यावी लागेल गं. राग मानू नकोस."

मी राग मानला नाही. पाळणा विकला.

बॅटरीवर हलणारा होता. हारिमचे पाय त्यातून कधीच बाहेर यायला लागले होते. "राहू दे, दुसऱ्याला लागेल," असं सासूबाई दर सणाला म्हणायच्या, आणि मी दर सणाला भांडी घासायला उठायचे.

योंगसानचा कॉम्प्युटर-सामानाचा बाजार आता ओसरलाय, निम्म्या गाळ्यांची दारं ओढलेली. उरलेल्या दुकानदारांची खोड मात्र तीच.

"कितीपर्यंतची चौकशी करून आलात, बाळाची आई?"

या प्रश्नाला कधी उत्तर द्यायचं नसतं. आपण जो आकडा बोलू, तिथून त्यांची किंमत सुरू होते.

"चौकशी माझ्यापाशी राहू दे, काका. किंमत तुम्ही सांगा."

"असं कसं? मिस्टरांना फोन लावा बरं. काय आणायला सांगितलंय त्यांनी?"

"टोफू."

शेजारच्या गाळ्यातला माणूस फिसकन हसला. काकांनी कान खाजवला आणि वरून एक भलंमोठं खोकं काढलं. तीन पंख्यांचं कार्ड. "हे न्या. पुढे कितीतरी वर्षं बघायला नको."

"माझ्या डब्यात मावणार नाही."

"मावतं हो! आम्ही काय आज दुकान टाकलंय?"

"मग बसवून दाखवा."

मी कॉम्प्युटर गाडीतून उचलून त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवला. हारिमच्या डोक्याला कोपरा लागेल म्हणून एक हात तिच्या टाळूवर. काकांनी झाकण काढलं, कार्ड सरळ घातलं, तिरकं घातलं, दम रोखून ढकललं. दोन बोटं बाहेरच.

"अरे पिलगू," शेजारचा काकांना ओरडून म्हणाला, "डब्याला खिडकी पाड!"

"आणि मावलं असतं तरी त्याला वीज कुठून देऊ?" मी म्हटलं. "आतला पॉवर सप्लाय लहान आहे. कार्ड घ्यायचं आणि वर तोही बदलायचा, एवढी माझी ऐपत नाही."

काका आता जरा सावरून बसले. टेबलाखालून त्यांनी दुसरं कार्ड काढलं, बिनखोक्याचं. "हे वापरलेलं आहे, पण ताकदवान. निम्म्या भावात. एका कॉलेजच्या मुलाने घरी हळुवार वापरलेलं."

मी ते नाकाशी नेलं. फ्रीजमधली दुधाची बाटली मी रोज हुंगते, दोनदा हुंगते. शंकेखोर नाकाची सवय. जळक्या तेलाचा वास आला. स्क्रूंची डोकी झिजलेली, कडेने चिकट ओघळ.

"हे कुणाच्या घरात नव्हतं, काका. कॉम्प्युटरवर ती आभासी नाणी खणतात ना, तिथे रात्रंदिवस जुंपलेलं होतं."

"बाई आहात की कस्टमवाल्या?"

"ते द्या. वरच्या फळीवरचं, दोन पंख्यांचं."

"ते होय? ते गरिबाचं कार्ड."

"असू दे. माझ्या डब्याचं आहे."

त्यांनी किंमत सांगितली. मी डबा उचलून गाडीत ठेवला, पट्टा बांधला, पांघरूण घातलं. गाडी दोन गाळे पुढे गेली तेव्हा मागून हाक आली, "अहो थांबा! किती घाई!" मग साडेतीन लाख वॉनला जमलं. पाळण्याचे पैसे आणि माझे थोडे.

कार्ड बसलं, दुकानातला कॉम्प्युटरचा पडदा जोडला, खेळ उघडला. माझी ढालवाली उभी होती; चिलखताची कडी न् कडी दिसत होती. हारिम जागी होऊन तिच्याकडे हात पसरायला लागली.

"चला, मिस्टर खूश होतील," काका म्हणाले.

"मिस्टर खेळत नाहीत. मी खेळते."

बोलून गेले आणि छाती हलकी झाली.

घरी आले तर सासूबाई आत. दाराच्या कुलुपाचा आकडा त्यांना पाठ आहे. फ्रीजपुढे बसून किमचीच्या लोणच्याचे डबे लावत होत्या.

"ग्यूजिनचा कॉम्प्युटर झाला का नीट? नवव्या मजल्यावरची भेटली होती खाली."

"माझा आहे, आई. खेळायचा."

त्यांनी वळून पाहिलं. मग माझ्यामागे, कोपऱ्याकडे. "पाळणा कुठे गेला?"

"विकला. त्यातूनच हे आणलं."

"मग दुसऱ्याला गं?"

"दुसरं नाही, आई."

फ्रीज उघडाच होता. तो बारीक आवाजात कुरकुरायला लागला.

"ग्यूजिनला माहीत आहे?"

"आमचं दोघांचं ठरलंय."

त्यांनी किमचीच्या डब्याचं झाकण चारी बाजूंनी दाबलं. खट, खट, खट, खट. "अंगावर पिणारं पोर आणि आई खेळत बसणार!"

"हो. शनिवारी तीन वाजता. तेवढा वेळ हारिमला घ्याल?"

 त्यांनी हात पुसले आणि झोळीतून हारिमला उचलून घेतलं. ती माझ्याकडे वळून रडेल म्हणून मी थांबले. रडली नाही.

मी कॉम्प्युटर कोपऱ्यात नेला. पाळण्याच्या चार पायांचे चार खळगे जमिनीवरच्या मेणकापडात अजून तसेच होते. डबा ठेवला. दोन झाकले गेले. मी तो जरा पुढे सरकवला, जरा मागे. उरलेले दोन उघडेच राहिले.

मग मी वायर जोडायला वाकले.