घरच्या बाईची मजुरी

"थू! थू! थू!" शालूने खुरपी बादलीत आपटली आणि पदर नाकाला लावला. "माणसं हायत का कोण हायत? जनावरबी आपल्या बसायच्या जागी असं करत नाई, बापा!"

काठावर ओढून ठेवलेल्या, हंसाच्या आकाराच्या पायडल बोटीत ती गुडघे टेकून बसली होती. सीटखालच्या सांदीत लोकांनी वर्षभर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून थुंकून तपकिरी थर चढवला होता. त्यात कोंबडीची हाडं रुतलेली, आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी लेकराचं भरलेलं डायपर. वरून हंस पाहावा तर मान वाकवून लाजतोय! बाया-माणसं त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायची आणि त्याच तोंडाने त्याच्या पोटात थुंकायची. शालूला गेल्या वर्षी दुसऱ्या तलावावरच्या बोटी धुतानाही ओकारी आली होती, यंदा इथेही आली. या घाणीची सवय होत नाही, उगाच कुणी सांगू नये.

तिच्या खुरपीला चिंधी गुंडाळलेली होती. फायबरला ओरखडा गेला की पॉलिश धरत नाही. घाण खरवडायची, अॅसिडच्या पाण्याने डाग काढायचे, मग पाणी मारत बारीक पॉलिश-कागदाने घासायचं. हे सगळं शालूचं. त्यानंतर खुशाल, तिचा नवरा, मशीन फिरवून चमक आणायचा. पिपरी मेघेत त्याचं गाड्यांना पॉलिश करायचं दुकान होतं. चमक लोकांना दिसते, म्हणून काम खुशालचं म्हणायचं.

आज तलावावर येण्याचं कारण म्हणजे भाव. प्रभाकररावांकडे इथल्या बोटींचा ठेका होता. दिवाळीच्या सुट्टीआधी आठही बोटी चकाचक हव्या होत्या. एक बोट नमुन्याला करून दाखवायची आणि भाव ठरवायचा. ठरला की दरवर्षीचं काम पक्कं.

सकाळी गाडीवर मागे बसून शालूने नवऱ्याला तीनदा बजावलं होतं, "आईकता का? यंदा भावात माही मजुरी धरजा."

"हो वं, धरतो."

"गेल्या साली नाई धरली तुम्ही."

"म्हणलं ना धरतो! डोकं नको खाऊ."

गेल्या साली अॅसिडने तिच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "काम काय करता, बाई?" शालूने तोंड उघडायच्या आत खुशालने उत्तर दिलं, "काई नाई, घरीच राह्यते." ते वाक्य शालू अजून विसरली नव्हती.

आता कडुलिंबाखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या. चहाचे कपही दोनच आले. शालू हातभर अंतरावर बोटीत वाकलेली, पण बोलणारे दोघंही ती बहिरी असल्यासारखे बोलत होते.

"हं, बोला खुशालभाऊ. एका बोटीचं काय पडते?"

खुशाल बोटांवर मोजायला लागला. "कंपाउंड आलं, वॅक्स आलं. कागद, अॅसिड. टेम्पो. मशीनची झीज. माही मजुरी. पंधराशे पडते, साहेब."

शालूचा हात थांबला. तिने वाट पाहिली. आता म्हणेल, मग म्हणेल.

"पंधराशे?" प्रभाकररावांनी चहाचा भुरका मारला. "नागपूरवाला मले अडीच हजार सांगून राह्यला होता. तुमचं कसं काय जमते बापा?"

"त्याले चार पोरं लावा लागते ना!" खुशाल खुलला. "आपल्याकडं बाई घरचीच हाय. तिचं काई धरलं नाई."

वा रे गडी! सांगितलं तेही मिशीला पीळ देऊन.

शालूला राग आला असता तर बरं झालं असतं. तिला शिसारी आली. सांदीतल्या त्या डायपरची आली होती, तशीच.

तिला सासू आठवली. या घरात भाजीची वाडी होती आणि भागीरथाबाईचा अर्धा जन्म त्या वाडीत उकिडवं बसण्यात गेला. पहाटे वांगी तोडायची, दुपारी निंदण, संध्याकाळी मेथीच्या जुड्या. वर्षाच्या शेवटी सासरा नत्थूजी ओसरीवर हिशेब लावायचा: बियाणं इतकं, शेणखत इतकं, मोटारीचं बिल इतकं, मजूर इतके. घरच्या बाईची मजुरी कुणी धरत नाही, ही त्यांची रीतच. त्या रीतीने वांगी दरसाल फायद्यात निघायची. मग भागीरथाबाई मेली. तिच्या जागी दोन बाया रोजाने लावाव्या लागल्या. त्या वर्षी नत्थूजी ओसरीवर बसून डोकं खाजवत म्हणाला, "यंदा वांगे परवडलेच नाई." तिथे बसलेल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. शालू त्या दिवशी चुलीपुढे रडली होती. सासूसाठी रडली, असं सगळ्यांना वाटलं.

"मग बाराशे करा," प्रभाकरराव म्हणत होते. "आणि आईका, तो आपला तिकीटघराजवळचा संडास हाय ना, पब्लिकनं लय घाण करून ठेवला. वहिनी हायतच, तर त्याच भावात तोबी घासून टाका."

शालूने मान वर केली. खुशाल तिच्याकडे पाहत नव्हता. तो घासाघीशीत रंगला होता.

"तेराशे करा, साहेब. संडासाचं काय, करून टाकील ते."

'ते' म्हणजे ती, शालू.

ती उठली. गुडघे धरले होते, हंसाच्या मानेला धरून उतरावं लागलं. खुरपी तिने सीटवर ठेवली.

"काऊन वं?" खुशाल म्हणाला. "कुठं चालली?"

"घरी."

"अवं, काम अर्धं हाय!"

"मी तं घरीच राह्यते ना? काई करत नाई. मंग कायचं अर्धं?"

प्रभाकरराव मोठ्याने हसले. "भांडू नका बापा! खुशालभाऊ, घ्या तुम्हीच खरवडून. नमुना तं पाह्यला पाह्यजे मले."

शालू धक्क्याशेजारच्या नळावर गेली आणि नळ सोडला. गडी काय करतो ते तिला पाहायचंच नव्हतं. पण कान काही बंद करता येत नाहीत. खुशाल बोटीत चढल्याचा आवाज आला. खुरपी दोनदा घासली, तिसऱ्यांदा थांबली. मग मोठ्याने ओकारी. मग आणखी एक. चहा पडला वाटतं सगळा.

बादलीत खुरपी पडली.

"साहेब," खुशालचा आवाज आला. "ह्या भावात परवडत नाई."

शालूच्या हातावर पाणी पडत राहिलं. अगदी त्याच्या बापाचा सूर. शब्दही जवळपास तेच. भागीरथाबाईला त्यासाठी मरावं लागलं होतं. शालूच्या ते जितेपणी कानावर पडलं. आनंद व्हावा, असं त्यात काही तिला दिसेना. एवढ्याशा गोष्टीसाठी गड्याला सांदीत तोंड घालावं लागलं, याचीच तिला पुन्हा किळस आली.

"आता काऊन परवडत नाई?" प्रभाकरराव चिडले. "मघाशी तं परवडत होतं!"

"मघाशी एका माणसाची मजुरी धरायची राह्यली होती."

"मग किती होते, ते तरी सांगा!"

मग नळाच्या दिशेने पावलं आली आणि चार हातांवर थांबली. शालूने मागे वळून पाहिलं नाही.

"शाले, साहेब भाव इचारून राह्यले. तुहा."

तिने हातावर चिमूटभर माती घेतली आणि पुन्हा घासायला लागली. नाकाशी बोटं नेली. वास गेला नव्हता.

"थांबा म्हणा त्याइले," ती म्हणाली. "पहिले हात धुवू द्या."