जबड्याची खालची कड

बाबांची कवळी तिसऱ्यांदा सैल झाली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. त्यांनी ती जिभेने उचलली, टकटक वाजवून दाखवली आणि आईला म्हणाले, "बघ, तुझ्या कारागिराचा माल."

कारागीर म्हणजे मी. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. कोर्सबिर्स काही केला नाही, लॅबवाल्या काकांच्या हाताखाली बघून बघून शिकलो. बाबांची खालची कवळी हे माझं पहिलं स्वतःचं काम. पुढचे सहा दात त्यांचे, मागचे दोन्ही बाजूंचे माझे. त्यामुळे ती हलली की घरात माझी लाज निघते. चार वर्षांत दोनदा आतून भर घालून दिली. दोन्ही वेळा मनात म्हटलं, पहिलंच काम होतं, चुकलं असेल कुठेतरी.

"डॉक्टर मॅडमनी काल घेतलेलं माप लॅबला आलंय," मी म्हटलं. "आज करून टाकतो."

"उद्या सकाळपर्यंत दे. शाळेच्या हॉलचं काम आहे, चौदा पंखे. वरून बोलताना कवळी पडली तर लोक म्हणतील, वायरमननं पंखा बसवायचा सोडून दातच खाली टाकले."

आई हसली. मी नाही हसलो. तो हॉल मी बघितलाय. सोळा फुटी शिडी लागते तिथे.

"जोडीदार येतोय ना?"

"त्याला ताप आहे. शिडी धरायला शिपाई आहे."

दोन महिन्यांपूर्वी वायरचं बंडल उचलताना बाबांच्या पाठीत अशी कळ आली होती की आठ दिवस वाकून चालत होते. उसण भरली म्हणाले. शेकलं, कामाला गेले, विषय संपला.

लॅबमध्ये मापात प्लास्टर ओतलं. घट्ट झाल्यावर साचा सोडवला आणि जुन्याशी ताडून बघायला फळीवरून बाबांचे आधीचे तीन साचे काढले. आम्ही साचे टाकत नाही, पेन्सिलने नाव-तारीख लिहून ठेवतो. चारही ओळीने मांडले.

पहिल्या साच्यात दाढांच्या जागी हिरडीचा उंचवटा बोटाएवढा जाड होता. नवीन साच्यात तिथे नुसती धार.

"काका, हे बघा."

"दात गेले की तिथलं हाड झिजतंच. सगळ्यांचंच झिजतं."

"एवढं? चार वर्षांत?"

काकांनी चष्मा नाकावर खाली घेतला. दोन्ही साचे उजेडात धरले. मग म्हणाले, "फिल्म बघितलीस का?"

बाबांची वरची एक दाढ ठणकत होती म्हणून मॅडमनी काल अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढला होता, ते डोक्याभोवती फिरणारं यंत्र असतं त्याच्यावर. मापाबरोबर फिल्मही आली होती. पहिल्या कवळीच्या वेळची जुनी फिल्म पाकिटात होतीच. आम्ही फिल्ममध्ये दातांची मुळं बघतो, कवळीचा हूक कुठे अडकवायचा ते ठरवायला. बाकी काही बघत नाही. मी दोन्ही फिल्म खिडकीला लावल्या आणि पहिल्यांदाच मुळांच्या खाली बघितलं.

जबड्याच्या तळाला एक पांढरी कड असते. जुन्या फिल्ममध्ये ती जाड स्केचपेनने ओढल्यासारखी होती. नवीनमध्ये पेन्सिलची रेघ, आणि तीही आतल्या बाजूने किडीने कुरतडल्यासारखी.

मॅडमना फोन लावला.

"मॅडम, बाबांच्या फिल्ममधली खालची कड बघितली का?"

"मी दाढच बघत होते," त्या म्हणाल्या. "थांब, उघडते." मग नुसता माउसचा आवाज. "वडील दम्याच्या गोळ्या घेतात ना? त्या छोट्या, स्टेरॉइडच्या?"

"घेतात. आठ-नऊ वर्षं. जास्त झालं की मनानेच वाढवतात."

"नीट ऐक. हे निदान नाही. जबड्यावरून एवढंच कळतं की बाकीची हाडं तपासायला हवीत. हाडांची घनता मोजायची टेस्ट असते. पंधरा मिनिटं नुसतं पडून राहायचं, सुईबिई काही नाही. मी शुक्रवारची वेळ घेऊन देते. गोळ्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून काय ते करा. आणि दाढेचं जे करायचं ते हाडांचं औषध सुरू व्हायच्या आधी उरकू. नंतर काढली तर कधी कधी जखम लवकर भरत नाही."

"बरं."

"आणि टेस्ट होईपर्यंत त्यांना वर चढू देऊ नकोस."

हॉलचं काम गुरुवारी होतं, म्हणजे उद्याच.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते टेस्टरची पिन पुसत होते.

"फोटो काढला दाताचा," ते म्हणाले, "आणि हा म्हणतो पाय मोडेल."

"पाय, पाठ, मनगट, काहीही मोडेल."

"बायकांचा आजार आहे तो."

"पुरुषांनाही होतो. गोळ्यांमुळे तर होतोच."

"कोणी सांगितलं? प्लास्टरनी?"

आई पलीकडे बाबांच्या कामाच्या पँटची शिवण उसवत बसली होती. तिचा हात थांबला.

"अहो," ती म्हणाली, "ही तिसरी पँट. दोन वर्षांत तुमच्या दोन पँटी मी आखूड केल्या. मला वाटायचं शिंपी लांब शिवतो."

चार वर्षं मी कवळीत भर घालत होतो आणि आई पँटी दुमडत होती. मधल्या माणसाकडे दोघांपैकी एकानेही बघितलं नव्हतं.

"वय झालं की माणूस आकसतो," बाबा म्हणाले. "हॉलवाल्यांना शब्द दिलाय." आणि चपला घालून बाहेर गेले.

सकाळी उठलो तर ते निघून गेलेले. मी भर घातलेल्या कवळीची डबी खिशात टाकली आणि सायकल काढली.

हॉलच्या दारातूनच दिसलं. बाबा शिडीच्या टोकाजवळ, हात डोक्याच्या वर, छताच्या हुकाला पंखा अडकवत होते. खाली शिपाई एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून उभा. तीन पंखे लागलेले दिसत होते, हा चौथा.

वर असलेल्या माणसाला हाक मारायची नसते, हे बाबांनीच शिकवलंय. मी पाय न वाजवता गेलो, शिपायाला खुणेने बाजूला केलं आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.

"कोण?" वरून आवाज. "कारागीर का? कवळी आणलीस?"

"आणली. खाली या, घालून बघा."

"हा झाल्यावर."

मग खोकला आला. आधी एक, मग एकामागून एक. हॉलभर घुमत होता. प्रत्येक ठसक्याला शिडी माझ्या तळव्यात थरथरत होती. बाबांनी आधाराला पंख्याची दांडी पकडली, तर पंखाच डुलायला लागला. त्यांचा डावा पाय पायरीवरून सुटला. हवेत चाचपडत राहिला. मला त्यांच्या बुटाचा झिजलेला तळ दिसत होता, बाकी काही नाही.

"डावा पाय उजवीकडे घ्या," मी म्हटलं. आवाज कसाबसा साधा ठेवला. "अजून थोडा. तिथेच आहे पायरी."

पाय टेकला. खोकला थांबला. मग ते उतरायला लागले. शिडीला पंधरा पायऱ्या होत्या आणि मी सगळ्या मोजल्या. शेवटून तिसरीवर थांबून त्यांनी हात पाठीवर नेला.

खाली येऊन बाकावर बसले. तोंड पांढरंफटक. शिपायाने पाणी आणलं.

"पाठ?" मी विचारलं.

"तीच जागा."

ते पाणी प्यायले आणि वर बघायला लागले. "चौथा अर्धवट लटकतोय. त्याच्यापुढे दहा."

"मी चढतो."

"तुला पंख्यातलं काय कळतं?"

"काही नाही. मेन स्विच बंद आहे ना? मग तुम्ही खालून सांगा."

त्यांनी कमरेचा हत्यारांचा पट्टा सोडला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. बाबांना दुसरं काही मागितलं तर एक वेळ देतील, तो पट्टा कोणाला देत नाहीत.

सातव्या पायरीवर मी खाली बघितलं. खाली बाबांनी शिडी अशी धरली होती की मला वाटलं ती जमिनीत रोवलीय.

"बोल्टमधून पिन घातलीस? तिचे पाय वाकव. दोन्ही."

"वाकवले."

"एकच वाकवलास. इथून दिसतंय मला."

दुसरा वाकवला. दुपार उलटेपर्यंत तेरा पंखे झाले. एका पंख्याला अर्धा तास आणि दर पंख्याला माझा उद्धार. शिपायाला फोनपेक्षा हेच आवडलं असावं, तो बाक ओढून बसला होता.

चौदाव्याचा नट काही केल्या बसेना. तीनदा घसरला.

"उतर," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांचं काम आहे, मी जातो."

मी उतरलो. हातात जीव नव्हता, वाद घालायला तोंडातही नव्हता. बाबांनी शिडीचे दोन्ही दांडे धरले आणि उजवा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

मी शिडी धरली नाही. हात खाली सोडून समोर उभा राहिलो.

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग वर, त्या लटकत्या पंख्याकडे. बाहेरच्या मैदानात शिट्टी वाजली.

"उद्या कितीला आहे ती टेस्ट?"

"साडेदहाला."

"तू येणार बरोबर?"

"मी आणि आई दोघंही."

बाबांनी पाय परत जमिनीवर घेतला. माझ्या हातातला पाना काढून घेतला, उलटा केला आणि पुन्हा हातात ठेवला.

"असा धर. चढ. आणि पिनेचे दोन्ही पाय वाकव."