निर्ण्यापुरतं चार्जिंग

मी एक विजेवर चालणारी गाडी बोलतेय. रंगाने निळी, स्वभावाने जरा हळवी. बिदरच्या नौबादमध्ये राजपालसरांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली माझा मुक्काम असतो. सर कॉलेजात शिकवतात. घराच्या छतावर सौर पाट्या आहेत. त्या दिवसभर ऊन गोळा करतात आणि माझं पोट त्यावरच भरतं. पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

घेतली त्याच आठवड्यात सरांनी मला निर्ण्याला, त्यांच्या गावी नेलं. त्यांचे वडील बळीराम माझ्याभोवती फिरले आणि मागे वाकून बघू लागले.

"नळीच न्हाई की रं हिला. धूर कुठून निघायलाय मग?"

"धूर निघतच न्हाई, अप्पा."

"उगं कायबी सांगू नको," म्हणत ते बराच वेळ तिथंच उकिडवे बसले. नसलेला धूर दाखवायचा तरी कसा?

माझी खरी किंमत कळली ती सरांच्या आईला, चांगुणाबाईंना. जन्मभर चुलीचा धूर आणि खडीकेंद्रावरची धूळ खाऊन त्यांची छाती कामातून गेलेली. जीपमध्ये बसलं की डिझेलच्या वासानं खोकला, उलटी. त्यामुळे लेकाचं बिदरचं घरसुद्धा त्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझ्यात बसतानाही पदर नाकाला घट्ट लावलेला. गाव मागे पडल्यावर तो हळूच खाली आला.

"काच खाली घे रं बाळा. तूर फुलायलीय, वास यायलाय."

त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा वाटला नाही. त्यानंतर दर महिन्याला आमची फेरी ठरलेली. त्या बिदरला यायच्या, दवाखाना व्हायचा, किल्ल्याकडे एक चक्कर व्हायची. उतरताना माझ्या दारावरून हात फिरवायच्या.

मग अप्पांच्या हातून एक चूक झाली. चूक तरी कसली, सवयच ती. एकदा आम्ही दिवसभर फिरून निर्ण्याला मुक्कामाला थांबलो. माझी वायर पाण्याच्या मोटारीच्या पेटीवरून घेतली होती. पहाटे शेतीची, थोड्या तासांपुरतीच असणारी लाइट आली. लाइट आली की आधी मोटार, मग दुनिया, हे अप्पांच्या हाडात मुरलेलं. माझा भार नको म्हणून त्यांनी पिन उपटली आणि मोटार चालू केली. ऊस भिजला, मी उपाशी राहिले.

सरांना परीक्षेची ड्यूटी होती. घाईत त्यांनी पाहिलं नाही आणि मी अर्ध्या वाटेत बसले. मला टेम्पोवर चढवावं लागलं. रस्त्यातूनच सरांनी वडिलांना फोन लावला. "अडाणी ते अडाणीच राहिलात तुमी."

राग दोन दिवसांत उतरला. राहिली ती लाज. कोणत्या तोंडानं जायचं, हे सरांना कळेना. आईचा फोन आला की ते म्हणायचे, "माय, गाडीला चार्जिंग पुरत न्हाई." मी शेडमध्ये काठोकाठ भरलेली असायचे. फार वाईट वाटायचं.

गेल्या रविवारी सर मला उदगीरला लग्नाला घेऊन निघाले. निर्ण्यापेक्षा कितीतरी लांब. वाटेत चांगुणाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज माझ्याच स्पीकरमधून येत होता, दमलेला, धाप लागलेला.

"बाळा, तू कामून येईनास? तुझ्या अप्पानं गाडीसाठी लाइटचा येगळा बोर्ड बसवून घेतलाय. त्याला कुणालाबी हात लावू देत न्हाईत. दवाखाना बी ऱ्हायलाय माझा."

"घरीच हाय, माय. गाडीला चार्जिंग न्हाई."

"बरं बरं. उगं धोका नको घेऊ."

त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी चालत होते, पण माझा आवाज कुठं येतो? जीप असती तर मायनं तिची घरघर फोनवरूनच ओळखली असती. माझ्यामुळे धूर गेला, गोंगाट गेला म्हणून लोक मला नावाजतात, पण त्या क्षणी मला फक्त एकदा खडखडावंसं वाटलं.

आज मी पुन्हा शेडमध्ये आहे, भरलेली. राजपालसर, निर्णा गाठून, मायला घेऊन परत येण्याइतकं चार्जिंग माझ्यात आहे. तुम्ही फक्त दार उघडा.