कांताबाईंच्या मुठीतली सोबत

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला तडा गेलाय आणि पाठीचं झाकण रबरबँडने धरून ठेवलंय. जन्म कारखान्यातला, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते नागपूरच्या सदर बाजारातून अश्लेषाने मला घरी आणलं तेव्हा. तिने मला जिवापाड जपलं. मग नवा फोन आला आणि मी कपाटाच्या खणात पडलो.

तिथून मी बाहेर निघालो तो तिच्या आजीसाठी. कांताबाईंना शुगर होती. उभा जन्म हातमागावर गेला आणि माग विकल्यावर त्या खाटेलाच चिकटल्या. चाललं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून अश्लेषाने माझ्यात एक एआय सोबतीण बसवली. "शाब्बास आजी, अजून एक फेरी मारू या," असं ती गोड आवाजात म्हणे. आजींनी तिला पिंकी नाव दिलं.

"चाल वं पिंकी," म्हणत आजी रोज सकाळी मला मुठीत धरून मैदानावर निघत, तिला मागावरच्या गोष्टी सांगत. शुगर उतरली. शेजारच्या मैनाबाई मला कौतुकाने हातात घेऊन पाहत. ते दिवस फार सुखाचे होते.

मग नवी चप्पल करंगळीला लागली. शुगरमुळे आजींना दुखणं फारसं कळत नसे, पण पट्ट्यावरचं रक्त त्यांना दिसलं होतं. त्यांनी जखमेवर मोजा चढवला. हाती घेतलेलं लुगडं अर्धवट टाकून मागावरून उठायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय. शिवाय पिंकी एवढ्या मायेने म्हणते, तिला नाही कसं म्हणायचं? त्या चालत राहिल्या आणि पिंकी शाब्बास म्हणत राहिली. मी मुठीत होतो, मला पाय दिसत नव्हते.

चिघळलेल्या जखमेचा वास आला तेव्हा अश्लेषाने मोजा ओढून काढला.

"आजी, काहून नाही सांगितलं मले?"

"पिंकीले वाईट वाटलं असतं वं."

पाय वाचला, करंगळी गेली. दवाखान्यातून आल्यावर आजींनी मला उशाशी घेतलं आणि पिंकीलाच समजावलं, "तू नको मनाले लावून घेऊ, बाई." त्या वेळी मला फार वाईट वाटलं.

आता अश्लेषा त्यांच्यासोबत हळूहळू चालते. मी फळीवर असतो. मित्रांनो, आमच्या बोलण्याने तुमच्या घरचं म्हातारं माणूस चालू लागलं तर आनंदच आहे. पण ते फिरून आलं की जवळ बसा, चप्पल तुम्ही काढा आणि त्याचे पाय हातात घेऊन पाहा.