बोटांचं टोपडं

रफूवालीला विहीण चांगली मिळाली होती, आणि तिचं सगळं दुखणं तेच होतं. वाईट मिळाली असती तर चार जणींत सांगता आलं असतं, लेकीला पोटाशी धरून रडता आलं असतं. चांगल्या विहिणीचं करायचं काय? तिच्याबद्दल वाकडं बोलायला जावं तर आपलंच तोंड वाईट दिसतं.

लेकीच्या लग्नानंतर हे दुखणं सणक आल्यासारखं अधूनमधून यायचं. या हिवाळ्यात ते मुक्कामालाच आलं. झालं असं की लेक, म्हणजे बबडी, कामावरून येताना गोठलेल्या रस्त्यावर घसरली आणि घोट्याचं हाड मोडून बसली. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. जावई नोकरीसाठी परगावी, म्हणजे पोरीला एकटं ठेवायची सोय नाही. माहेर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, लिफ्टचं नाव नाही. सासर तळमजल्यावर. डॉक्टरांनी विचारलं, "घर कुठल्या मजल्यावर?" आणि तिथेच निकाल लागला. बबडी सासूकडे राहणार, आणि हिवाळा सरेपर्यंत तिथेच.

"जिना काय मी बांधला?" रफूवाली नवऱ्याला म्हणाली. तो बसचालक होता, आता निवृत्त. दिवसभर हीटरकडे पाय करून बसायचा.

"मी तरी कुठे बांधला?" तो म्हणाला.

रफूवाली एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायची. कोटाला सिगारेटचं भोक पडलेलं असो की कसरीनं खाल्लेलं असो, ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायची आणि असं बुजवायची की मालकालाही नंतर जागा सापडू नये. दुकान सुटलं की बस पकडून थेट विहिणीकडे. आणि तिथे रोज काहीतरी नवीन बघायला मिळायचं.

एके दिवशी काय, तर खिडकीच्या फटीत जुन्या चादरीच्या घट्ट वळकट्या कोंबलेल्या. दुसऱ्या दिवशी दालचिनी घातलेलं दूध, तेही झाकणाच्या पेल्यात, निवू नये म्हणून. बबडीच्या चांगल्या पायाचा मोजा आधी हीटरवर ठेवायचा आणि मग घालायचा. दुपारी चारलाच बाहेर अंधारून येतं आणि आजारी माणसाला खिन्न वाटतं, म्हणून अंधार पडायच्या आतच पलंगाशी पिवळा दिवा लावून ठेवायचा. पांघरुणात पायथ्याशी गरम पाण्याची पिशवी, तिलासुद्धा कापडाची खोळ. विहीणबाई शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. शंभर पोरांना वाढलेला हात, आता एकाच पोरीवर सुटला होता.

"छान केलंत हो," रफूवाली म्हणायची, आणि आतून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हे सगळं आपल्यालाही सुचलं असतं की! आपल्या घरात पडली असती बबडी, तर सुचलंच असतं.

पण कडेलोट झाला तो टोपड्यानं. प्लॅस्टरमधून बबडीची पाच बोटं बाहेर यायची, आणि बाकी सगळं गरम असलं तरी ती बोटं गार पडायची. विहीणबाईंनी त्या बोटांसाठी लोकरीचं टोपडं विणलं होतं. लाल. वर गोंडा.

"बघ ना आई," बबडी बोटं हलवून हसत होती, "बाळाचं डोकं वाटतं की नाही?"

रफूवालीनं वाकून बघितलं. टाके सैल होते, एक तर चक्क निसटला होता. कडेला गाठ दिसत होती. असलं काम दुकानात कुणी केलं असतं तर तिनं उसवून परत दिलं असतं. पण सुईदोऱ्यावर पोट भरणारी बाई ती, आणि पोरीच्या बोटांना टोपडं करायचं सुचलं शाळेत भाताचा डाव चालवलेल्या हाताला! हे काही तिच्या घशाखाली उतरेना.

निघताना ती पेला ठेवायला स्वयंपाकघरात गेली. विहीणबाई तिथे कांदे चिरत होत्या.

"विहीणबाई, काही चुकत असेल तर सांगत जा हो," त्या म्हणाल्या. "मला एकच मुलगा. मुलीचं काय सोसतं, काय नाही, मला कुठलं कळायला? तुम्ही आई."

आणि रफूवालीच्या तोंडून निघून गेलं, "आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लोकर तिला चालत नाही. खाज सुटते."

"अगंबाई!"

"आणि पायाशी गरम पिशवी तर नकोच. लहानपणापासून उष्ण प्रकृती तिची. रात्रभर तळमळते." खोटं एकदा सुरू झालं की पाय फुटतातच त्याला. "तिला विचारायला जाऊ नका हं. भिडस्त आहे. तुमचं मन मोडू नये म्हणून हो हो करेल."

विहीणबाईंनी सुरी खाली ठेवली. "बरं झालं बाई सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला होता की परतताना बसमध्ये रफूवालीला चक्क बरं वाटत होतं.

तिचा बेत साधा होता. दुकानातले मऊ फ्लॅनेलचे तुकडे होते. त्यांचं दुहेरी अस्तराचं, शिवण दिसणार नाही असं टोपडं शिवायचं आणि दुसऱ्याच दिवशी घेऊन जायचं. मग बबडीच म्हणेल, आईच्या हातचं ते आईच्या हातचं. पण त्या रात्रीपासून बर्फ पडायला लागला तो थांबेचना. बसगाड्या बंद, दुकान बंद. रस्त्यावरच्या मोटारी नुसती टेंगळं होऊन बसल्या.

टोपडं केव्हाच शिवून झालं होतं. रफूवाली रोज फोन करायची.

"बरी आहे मी," बबडी म्हणायची. आधी हीच पोर सासूचं कौतुक सांगताना फोन ठेवायची नाही. आता दोन शब्दांत आटपायची.

"आवाज पडलाय तिचा," रफूवाली नवऱ्याला म्हणाली. "माझ्यावाचून करमत नसेल."

"आणि तुझा चढलाय," बसचालक म्हणाला. "पोरगी उदास आहे म्हणून एवढी खूश झालेली आई मी पहिल्यांदा बघतोय."

"उगाच काहीतरी बोलू नका," ती म्हणाली, पण त्याच्याकडे न बघता.

अखेर रस्ता मोकळा झाला आणि ती पहिल्याच बसनं गेली. दार विहीणबाईंनी उघडलं, हसल्या, पण पूर्वीसारख्या आत घेऊन गेल्या नाहीत. "तुम्ही बसा तिच्याजवळ," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बबडी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडली होती. रफूवालीनं पायथ्याचं पांघरूण बाजूला केलं आणि बोटं हातात घेतली. गार. माठातल्या पाण्यात हात घालावा तशी गार. अंगठ्याशेजारचं बोट गारठ्यानं लालसर सुजलेलं. तिनं घाईघाईनं फ्लॅनेलचं टोपडं चढवलं. कसं बसलं अगदी, एकसुद्धा चुणी नाही. पण बबडी तिकडे बघतच नव्हती.

"आई, मला घरी घेऊन चल."

"काय गं?"

"मी जड झालेय त्यांना." बबडीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आधी किती करत होत्या. एके दिवशी सगळं उचलून नेलं, पिशवी, टोपडं, सगळं. एक अक्षर बोलल्या नाहीत. मी कुठल्या तोंडानं मागू? त्या काय माझं देणं लागतात? जेवण आणून देतात आणि लगेच जातात. मी काहीतरी चुकीचं बोलले असेन गं. रोज आठवून बघते, आठवत नाही." तिनं आईचा हात घट्ट धरला. "बाबा आणि शेजारचे मिळून उचलतील मला जिन्यावरून. मला तुझ्याकडेच राहायचंय."

मला तुझ्याकडेच राहायचंय. हेच तर हवं होतं! हिवाळाभर हे एक वाक्य ऐकायला रफूवाली आसुसली होती. खुर्चीत बसवून दोघातिघांनी उचललं असतं तर जिनाही चढता आला असता. हो म्हटलं की झालं. कुणालाही, कधीही कळलं नसतं. विहीणबाई आपल्या जागी चुकल्यासारख्या राहिल्या असत्या, बबडी आपल्या जागी दुखावलेली, आणि मधली जागा कुणाला सापडली नसती.

तिनं पुन्हा एकदा त्या सुजलेल्या बोटावर हात ठेवला. टोपड्याच्या वरूनही ते हाताला कळत होतं.

"तू नाही झालीस जड त्यांना," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना. तुला लोकर चालत नाही, गरम पिशवी सोसत नाही, आणि तुला विचारू नका, असं मीच सांगितलं."

बबडी बघतच राहिली. "पण मला तर चालते."

"माहीत आहे मला. मी खोटं बोलले."

"का?"

"तू इथे सुखात दिसलीस. मला बघवलं नाही." तिनं पांघरूण पुन्हा पायावर ओढलं. "रोज येत होते, रोज बघत होते, रोज पोटात दुखत होतं. बाईनं सगळं माझ्याआधी केलं. माझ्यासाठी काही ठेवलंच नाही."

आणि मग ती वाट बघत बसली. पोरगी चिडणार, ओरडणार, कदाचित म्हणणार की पुन्हा येऊ नकोस. जे म्हणेल ते मुकाट्यानं ऐकायचं, अशी तिनं मनाची तयारी केली होती. पोरीनं चिडायचं तरी आईवरच ना.

पण बबडी उठून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग शोधून सापडला नसता. गेले कित्येक दिवस आवळून धरलेलं काहीतरी सुटावं तसा तिचा चेहरा मोकळा झाला होता, आणि ती आईच्या खांद्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

"म्हणजे," ती म्हणाली, "त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या?"

"नाही गं," रफूवाली म्हणाली.