उभ्याने ऐकलेली चार मिनिटं

भाऊराव महूच्या फौजी बँडमध्ये सत्तावीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत होते. निवृत्तीनंतर ते इंदूरजवळच्या राऊला राहायला आले आणि मुलाला, प्रशिकला, शिकवू लागले. शेजारची कीर्ती व्हायोलिन घेऊन तिथेच बसायची. शेवटच्या वर्षी त्यांची फुप्फुसं थकली. एक ओळ वाजवली की वाद्य मांडीवर ठेवून ते श्वास जमवत. कीर्ती भौतिकशास्त्र शिकवते. सवयीने तिने घड्याळ पाहिलं होतं. साधारण चाळीस सेकंद.

मार्चमध्ये ते गेले. कीर्तीने व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि चेलो अशा तिघांसाठी एक रचना लिहिली. तिच्या मधोमध सगळी वाद्यं चाळीस सेकंद थांबत होती.

"कीर्तीजी, वीस करा ना," चेलो वाजवणारा नचिकेत म्हणाला. "चाळीसमध्ये तर पब्लिक पार्किंगपर्यंत पोहोचेल."

"वीसमध्ये त्यांचा श्वास भरत नव्हता."

नचिकेतने आपल्या पानावर 'चाळीस' लिहिलं.

प्रशिकच्या आई, कौसल्याकाकू, एका सरावाला आल्या. पण ते थांबणं येण्याआधीच उठल्या. "यांना बँडचा मार्च आवडायचा, बेटा. हे ऐकून कोणाला यांची याद येणार?" कीर्तीला समजावून सांगता आलं असतं. पण सांगावं लागलं तर रचना फसली, असं तिला वाटलं. काकूंना ते आपोआप ओळखू यायला हवं होतं.

तिघांचा पहिला कार्यक्रम इंदूरला भंवरकुआंजवळच्या एका छोट्या सभागृहात, रविवारी संध्याकाळी झाला. काकू पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवेदन करणाऱ्या सुलोचनाताईंनी कीर्तीने लिहून दिलेलं वाचलं: "ही रचना कालकथित भाऊरावजींच्या स्मृतीस. मध्ये वाद्यं चाळीस सेकंद थांबतील. कृपया टाळ्या वाजवू नयेत."

वाद्यं थांबली. नवव्या सेकंदाला काकू उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मागे सगळं सभागृह उठलं, शोकसभेत उठतात तसं. खुर्च्या फरशीवर करकरल्या, कोणाची तरी पाण्याची बाटली पडून घरंगळली. कीर्तीचे कान तापले. तिने जपलेल्या शांततेत आता फक्त खुर्च्यांचा आवाज होता.

चाळीस झाले. प्रशिकने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही. गडबड नुकती कुठे थांबली होती. तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

दुसऱ्यांदा चाळीस झाले तेव्हा तिने खूण केली. क्लॅरिनेटचा सूर इतका हळू आला की तो नेमका कधी सुरू झाला ते कळलं नाही. काकूंनी मान वर केली. त्या बसल्या नाहीत, म्हणून कोणीच बसलं नाही. उरलेली चार मिनिटं सगळ्यांनी उभ्यानेच ऐकली.

नंतर काकू मंचापाशी आल्या.

"बसा म्हणून कोणी सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या.

"चूक माझीच, काकू. आधी सांगायला हवं होतं."

काकू थोडा वेळ प्रशिकच्या हातातल्या वाद्याकडे पाहत राहिल्या. "आज त्यांना दम घ्यायला जरा जास्तच वेळ लागला," त्या म्हणाल्या.

कीर्तीने काकूंसाठी खुर्ची पुढे ओढली.