शेवटचा सवाल उलटा

ताई दुकानाच्या पायरीशी उभी राहून शेजारच्या शिंप्याशी बोलत होती. म्हणजे तोंड शिंप्याकडे होतं. बोलणं किल्लीवाल्यासाठी होतं.

"दादा, प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत आई अडकलीय. आतून कुलूप लावलं आणि किल्ली मोडली कुलपातच. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलंय, पोटात काही नाही. कुणाच्या कानावर घालता आलं तर बघा."

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या किल्लीवाल्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"ऐकलं. सुतार बोलावला का, विचारा."

"सुतार बोलावला का, विचारतायत."

"बोलावला. दाराला दोन्ही बाजूंनी पत्रा आहे, दोन तास लागतील म्हणाला. बंबवाले दुसरीकडे अडकलेत," ताईनं शिलाई मशीनला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नियम नियमाच्या जागी होता.

नियम साधा होता. सभा, म्हणजे प्रार्थनाघराचा पंथ, सोडून गेलेल्याशी सभेतल्यानं बोलायचं नाही. किल्लीवाल्याला सोडून अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत ताईनं, त्याच्या सख्ख्या बहिणीनं, त्याला भाचीचं लग्न शिंप्यामार्फत कळवलं होतं, वडील गेल्याचंही शिंप्यामार्फतच. शिंप्याचा कुठल्याच देवाशी संबंध नव्हता, पण या कुटुंबाचे निम्मे निरोप त्याच्या हातून गेले होते.

किल्लीवाल्यानं पेटी उचलली नाही. त्यानं खणातून एक कोरी पितळी किल्ली काढली, शिकंज्यात धरली आणि कानस घेतली.

"दादा, हे काय चाललंय?" ताईचा आवाज चढला. "तिची साखर उतरतेय आणि इथे कारागिरी चाललीय!"

"दात पाडतायत," शिंपी म्हणाला.

"मोजमाप न घेता?"

मोजमापाची गरज नव्हती. कुलपात मोडलेली ती किल्ली त्यानंच केलेली होती, सभेत असताना. मूळ किल्ली हरवली म्हणून सात दात त्यानं चार रात्री बसून जुळवले होते. पुढे सभेनं त्याला वाळीत टाकलं. त्याच्या किल्लीला नाही. ती अकरा वर्षं रोज फिरत राहिली आणि झिजली. कानस चालवताना त्याला एकेक दात बोटांना आठवत होता. दोन मिनिटांत किल्ली झाली. मग त्यानं पेटी उचलली.

ताई दहा पावलं पुढे आणि तो मागे, असे ते निघाले. ती पळत होती. तोही पळत होता. पण अंतर दहा पावलांचंच राहिलं.

त्यानं सभा कशावरून सोडली हे ऐकून लोकांची निराशा व्हायची. भांडण नाही, लफडं नाही. रोज आठच्या प्रार्थनेत सवाल घालायचं काम त्याच्याकडे होतं. एक जण विचारणार, बाकीचे उत्तर देणार, असे नऊ सवाल. एका सकाळी विचारता विचारता त्याच्या लक्षात आलं, की वर ऐकणारं कुणी आहे असं आता आपल्याला वाटत नाही. त्यानं हे पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. खरं बोलण्याचं कौतुक होईल अशी त्याची समजूत होती.

"आठवण येते का रे तुला तिकडची?" बायकोनं एकदा विचारलं होतं. ती बाहेरची, तिला हे सगळं दुरून दिसायचं.

"छे. आठवण कसली?" तो म्हणाला होता.

फक्त सकाळचे आठ वाजले की दुकानातलं किल्ल्या कापायचं मशीन सुरू व्हायचं. गिऱ्हाईक असो नसो, पंधरा मिनिटं ते घरघरत राहायचं. शिंप्यानं त्यावर घड्याळ लावायची सवय केली होती. मशीन का चालतं हे त्यानं विचारलं नव्हतं, कारण प्रार्थनाघर तिथून तीनच गल्ल्या लांब होतं आणि वारा असला की चाळीस माणसांचा आवाज दुकानात यायचा.

प्रार्थनाघराच्या दाराशी किल्लीवाल्यानं बूट काढून डावीकडच्या तिसऱ्या खणात ठेवले आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खण रिकामाच होता.

आत सातआठ माणसं आणि कारभारी. कारभारी सभेची व्यवस्था बघत; वय सत्तर, हातात किल्ल्यांचा जुडगा, त्यातली एकही आज कामाची नाही. त्यांनी किल्लीवाल्याकडे पाहिलं आणि भिंतीला सांगितलं, "खोली मागे आहे."

"भिंतीला माहीत असेल," किल्लीवाला म्हणाला आणि मागे गेला.

तो दारापाशी गुडघ्यांवर बसला. भोकात विजेरी मारली. मोडका तुकडा आडवा अडकला होता, पार आतल्या अंगाला. तो बाहेर येईपर्यंत नवी किल्ली जाणार नव्हती.

"आई," ताई दाराला तोंड लावून म्हणाली, "दाराखालून साखरेची पुडी सरकवलीय ना मघाशी? खाल्लीस?"

"प्रार्थना झाली?" आतून आवाज आला. जड, ओला, शब्द एकमेकांना चिकटलेले. तो आवाज किल्लीवाल्यानं अकरा वर्षं ऐकला नव्हता. त्यानं पेटीतून एक बारीक पोलादी पातं काढून भोकात घातलं.

"अगं, प्रार्थना राहू दे! जीव राहिला तर प्रार्थना!"

"साठ वर्षांत प्रार्थनेआधी तोंडात काही घातलं नाही. आता... आता नाही घालायची."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजले. ताई कारभाऱ्यांकडे वळली. "काका, म्हणा ना मग! इथूनच म्हणू. ती आतून उत्तर देईल, पुडी खाईल, संपलं."

कारभाऱ्यांनी मान हलवली. "सोडून गेलेला माणूस छपराखाली असताना प्रार्थना होत नाही. तुला माहितीय."

"मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो," किल्लीवाला म्हणाला. "पंधरा मिनिटं. म्हणून घ्या."

कारभाऱ्यांना हे ऐकू आलं, पण ऐकता येत नव्हतं. ताईनं तेच पुन्हा सांगितलं.

"तो गेला तरी फरशी धुवावी लागते आधी," कारभारी म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. घाम त्यांनाही फुटला होता. "धुतल्याशिवाय नाही."

"मग धुवा!"

"बादल्या कुठायत?"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "आतच आहेत. आईंच्या खोलीत."

कुठल्याही कुलपाला आत अडणारे इतके लिव्हर नसतात, किल्लीवाल्याच्या मनात आलं. त्यानं दुसरं पातं काढलं, तुकड्याच्या दोन्ही अंगांनी दोन पाती घातली आणि चिमटीत धरून ओढलं. तुकडा तीळभर सरकला, निसटला, पुन्हा मागे गेला.

"आई!" ताईनं दार वाजवलं. "आई, बोल ना!"

आतून काही नाही. मग काहीतरी घसरल्यासारखा आवाज. खुर्ची असावी, किंवा ती.

"आई गं!"

किल्लीवाल्यानं पाती सोडली नाहीत. मान वर केली नाही. दाराच्या पत्र्याला कपाळ टेकवलं, आणि स्वतःलाच ओळखू येईना अशा मोठ्या, मोकळ्या, सभागृहाच्या आवाजात विचारलं,

"आजचा दिवस कुणाचा?"

मागे कारभाऱ्यांच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला.

सवाल आणि उत्तर यांच्यामध्ये जी जागा असते, तिची त्याला आठवण यायची. देवाची नाही, पुस्तकाची नाही, कारभाऱ्यांची तर नाहीच. विचारल्यावर चाळीस माणसं एकदम श्वास घेतात तेवढी जागा. दुकानात दिवसभर तो लोकांना विचारायचा, एक करू की दोन, पितळी की लोखंडी. उत्तरं यायची, पण विचारून झाल्यावर कुणी श्वास घ्यायचं नाही.

आता दाराआड एकच श्वास होता. तो खडखडत आत गेला.

"ज्यानं दिला... त्याचा," आई म्हणाली.

"हे चालणार नाही," कारभारी भिंतीला म्हणाले. "सोडून गेलेल्यानं सवाल घालायचा नसतो."

"कुठे लिहिलंय?" ताई गर्रकन वळली.

"लिहिलेलं नाही. आजवर कुणी घातलाच नाही."

"मग लिहून ठेवा. आत्ता गप्प बसा."

ताई कारभाऱ्यांना असं बोलेल हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द परत घेतले नाहीत.

"हात कुणाचे?" किल्लीवाल्यानं विचारलं. पाती आत गेली.

"ज्यानं घडवले त्याचे."

"भाकर कुणाची?"

"ज्यानं... ज्यानं..."

"पिकवली, आई. ज्यानं पिकवली."

"मला येतं," आतून आवाज आला. तिरसट. किल्लीवाल्याच्या जिवात जीव आला. चिडणारं माणूस शुद्धीवर असतं. "ज्यानं पिकवली त्याची. मध्ये बोलायचं नाही."

चौथा सवाल. पाचवा. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा उशिरा येत होतं, आणि त्या वाट बघण्यातच तो ओढत होता. सहाव्याला तुकडा सुटला आणि टणकन फरशीवर पडला. झिजून पातळ झालेले तीन दात. ताईनं तो उचलून मुठीत धरला.

सातवा विचारता विचारता त्यानं नवी किल्ली घातली. गेली. फिरवली. अर्ध्यात अडली.

कुलूपही अकरा वर्षं झिजलं होतं. बोटांना आठवत होतं ते जुनं कुलूप. हे दुसरं होतं. त्यानं किल्ली काढली, चौथ्या दातावरची ओरखड्याची खूण पाहिली आणि तिथेच गुडघ्यांवर बसून कानस लावली. पिवळा भुगा फरशीवर सांडू लागला.

"मरण कुणाचं?" त्यानं आठवा सवाल घातला. हा सवाल घालताना त्याला पूर्वी कधी काही वाटलं नव्हतं.

उत्तर येईना. ताईनं डोळे मिटले. कानस चालत राहिली. थांबली तर तो ऐकत बसला असता.

"...बोलावलं त्याचं," आतून आलं. सुरुवातीचे शब्द गळाले होते.

आणि मग तीच पुढे बोलली, कारण शेवटचा सवाल उलटा असतो. नववा सवाल विचारणारा विचारत नाही. बाकीचे त्याला विचारतात आणि तो एकटा उत्तर देतो. आईनं श्वास जमवला.

"आम्ही कुणाचे?"

कानस थांबली.

उत्तर त्याला येत होतं. लहान मुलालाही येतं: त्याचे, आणि एकमेकांचे. दोन तुकडे, तीन शब्द. म्हणून टाकायला काय जातं? आत म्हातारी मरतेय. पण दाराआड कोण आहे हेही त्याला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीत सगळे खाली बघत असताना एकटी आईच त्याच्याकडे बघत होती. तिनं त्याला वाळीत टाकलं होतं, पण खोटं बोलतोस असं कधी म्हटलं नव्हतं. आज खोटं बोललो तर तिला पहिल्या अक्षराला कळेल, आणि खोट्या उत्तरावर ती प्रार्थना पुरी धरणार नाही. आणि खरं बोललो तर प्रार्थना अर्धीच.

"धाकट्या," दाराआडून ती म्हणाली. नियमाबाहेरचा तेवढा एकच शब्द. मग पुन्हा: "आम्ही कुणाचे?"

किल्लीवाल्यानं ओठ ओले केले.

"एकमेकांचे," तो म्हणाला.

पुढचं किंवा आधीचं काही आलं नाही. कारभाऱ्यांनी तोंड उघडलं आणि ताईकडे बघून मिटलं. घड्याळ टकटकत होतं. दाराआड शांतता होती आणि ती लांबत गेली, इतकी लांबत गेली की ताईनं भिंत धरली.

मग कागद कुरकुरला. पुडी उलगडत होती. आणि त्यानंतर अगदी बारीक, दातांखाली साखर चावल्याचा आवाज.

किल्लीवाल्यानं चौथ्या दातावर कानस आणखी तीनदा ओढली, किल्ली घातली आणि फिरवली. कुलपाची जीभ मागे गेली.

आई भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. ओठांवर साखर. ताईनं आत धाव घेतली, कुणी दूध आणलं, कुणी वारा घातला. किल्लीवाला बाजूला सरकून पेटी भरू लागला. पंधरावीस मिनिटांनी आई ताईचा हात धरून बाहेर आली. त्याच्यावरून तिची नजर गेली, थांबली नाही. दारातून जाताना तिनं कुलपातली नवी किल्ली काढली आणि आपल्या मुठीत ठेवली.

"इथे खुर्ची ठेवा," ती म्हणाली.

"इथे दारात? आत सतरंजीवर पडा की जरा."

"इथेच."

कारभाऱ्यांनी खोलीतून बादल्या काढल्या. दोन बायांनी नळावरून पाणी आणलं. किल्लीवाला तिसऱ्या खणापाशी बूट घालत होता. नाडी नीट बसत नव्हती, म्हणून त्याला वेळ लागत होता.

"आई, जरा उठता का?" कारभारी अदबीनं म्हणाले. "फरशी धुवून घेतो. तो बसला होता तेवढी तरी."

"मला चक्कर येतेय," आई म्हणाली. चक्कर येणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता. "आजूबाजूनं धुवा."

कारभाऱ्यांनी खराटा भिंतीला टेकवला. मग त्यांनी पाणी ओतलं. ते खोलीच्या दारापासून घरंगळत आलं, खुर्चीपाशी दुभंगलं, दोन्ही अंगांनी पुढे गेलं. खुर्चीखाली, तिच्या पावलांमध्ये, हातभर फरशी कोरडी राहिली, आणि तिच्यावर पितळेचा पिवळा भुगा.